‘नोकरी तिकडे आहे’

मीटिंग संपली होती. बाकीचे एकेक करून निघून गेले आणि स्क्रीनवर आम्ही दोघीच उरलो. एका फाइलमधल्या दुरुस्त्या तेवढ्या बोलून घ्यायच्या होत्या. ती बोलायला लागली आणि तिच्या आवाजामागून पाऊस ऐकू आला. पत्र्यावर कोसळणारा, मधेच वाऱ्यानं बाजूला ढकलला जाणारा आणि पुन्हा जोरात येणारा. माझ्या खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. आम्ही दोघी एकाच शहरात राहतो, फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर, असं मी धरून चालले होते. सहज म्हटलं, "तुझ्याकडे बराच पाऊस लागलाय गं." ती थांबली. म्हणाली, "अगं, मी आता तिथे राहत नाही. बरेच महिने झाले." मी तिच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. तीच फिकट निळी भिंत, तोच पुस्तकांचा कप्पा, कप्प्याच्या टोकाला तेच एका बाजूला कललेलं रोप. माझी नजर कुठे आहे ते तिला कळलं असावं. "तो फोटो आहे," ती म्हणाली. "खोली सोडायच्या आदल्या दिवशी काढून ठेवला होता." मग आम्ही फाइलबद्दल बोललो आणि कॉल बंद केला.

काम झालं, पण तो फोटो काही डोक्यातून जाईना. या बाईशी मी जवळजवळ रोज बोलते. बोलायच्या आधी ती किती वेळ थांबते, तिला एखादी गोष्ट पटली नाही की ती चष्मा काढून पुसते, मान्य नसताना ‘बरं’ कसं म्हणते, हे सगळं मला माहीत आहे. तिचा चेहरा मी जितक्या जवळून पाहिलाय तितक्या जवळून शेजारच्या घरातल्या माणसांचाही पाहिलेला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्यावर लिहिलं तेव्हा त्याची काही कारणं मांडली होती: समोरचे चेहरे एरवी फक्त अगदी आपल्या माणसांचे दिसावेत इतके जवळ दिसतात, त्यांची नजर सतत आपल्यावर असते, आणि आपलाच चेहरा दिवसभर आरशात पाहावा तसा समोर असतो. इतक्या जवळ असलेल्या माणसानं आपलं सगळं सामान बांधलं, गाडीत भरलं, दुसऱ्या गावी नेऊन लावलं, नवी वाट, नवा रस्ता, नवे शेजारी, नवा पाऊस, आणि मला त्यातलं काहीही कळलं नाही. तिनं सांगितलं नाही याचं मला वाईट वाटलं नाही. सांगायची गरजच पडू नये, इतकं हे सगळं सहज झालं, याचं वाटलं.

आणि मुद्दाम जुन्या भिंतीचा फोटो का लावावा, हे कळत नव्हतं.

घरून काम करण्याची कल्पना काही आजची नाही. 1973 मध्ये जॅक निलेस नावाचा, आधी अंतराळयानांवर काम केलेला एक अभियंता दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात या प्रश्नाच्या मागे लागला होता. माणसं कामापाशी नेण्याऐवजी काम माणसांपाशी का नेऊ नये, असा त्याचा प्रश्न. त्यानं ‘टेलिकम्युटिंग’ असा शब्दही तयार केला. त्याच्या डोळ्यांसमोर मुख्यतः रस्त्यावरची गर्दी आणि जळणारं इंधन होतं, आणि उपाय म्हणून तो माणसांच्या घरांजवळ छोटी छोटी कार्यालयं असावीत असं सुचवत होता. थेट बेडरूमच्या कोपऱ्यातलं टेबल त्याच्या प्रयोगात मध्यभागी नव्हतं. त्यानंतर बरीच वर्षं हे सगळं काठाकाठानंच चाललं. 2013 मध्ये याहू कंपनीनं घरून काम करणाऱ्यांना कार्यालयात परत बोलावलं, 2017 मध्ये आयबीएमनं आपल्या अनेक लोकांना बोलावलं. मग 2020 आलं, आणि जे चार दशकं पटवून देऊन झालं नव्हतं ते काही आठवड्यांत झालं. पुढचं सगळ्यांनी भोगलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही.

मला त्या काळातलं आठवतं ते दुपारचं घर. नोकरी लागल्यापासून आठवड्याच्या मधल्या दुपारी मी घरी कधी नसायचेच. असले तरी आजारी असायचे, म्हणजे घराकडे लक्ष नसायचं. आता पहिल्यांदा दिसलं की साडेबाराच्या सुमाराला ऊन खिडकीतून आत येतं, आधी फरशीवर पडतं, मग खुर्चीच्या पायावर चढतं आणि तीनच्या आत भिंतीवरून नाहीसं होतं. वरच्या घरातलं कुणीतरी रोज ठरावीक वेळी काहीतरी जड ओढतं. जिन्यातून शाळेतून परतणाऱ्या पोरांचा आवाज येतो आणि एका पोराला रोज त्याच पायरीवर बुटाची नाडी बांधावीशी वाटते. इतकी वर्षं या घराचे पैसे भरत होते आणि त्याची दुपार मला माहीतच नव्हती. हे सुख खरं आहे. ते कुणी परत मागितलं तर मी सहजासहजी देणार नाही.

प्रवासाचा वेळ वाचला, हे सगळे म्हणतात. 27 देशांतल्या लोकांच्या पाहण्यांवर आधारलेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम केलं त्या दिवशी माणशी सरासरी 72 मिनिटं वाचतात, असं त्यात निघालं. पण त्यापुढची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटली: या वाचलेल्या वेळातला सुमारे 40 टक्के भाग माणसांनी पुन्हा कामातच घातला, 34 टक्के फुरसतीत गेला आणि 11 टक्के घरातल्यांची काळजी घेण्यात. म्हणजे जो वेळ रस्त्याच्या तावडीतून सोडवला त्यातला मोठा वाटा आपण स्वतःच्या हातानं कामाला परत नेऊन दिला. मी माझ्याकडे पाहिलं तर वेगळं काही नाही. पूर्वी बसच्या खिडकीला डोकं टेकून मी काहीच करत नसे. संध्याकाळी कार्यालयात कुणी लागेल असं बोललेलं असलं तर उतरेपर्यंत त्याची धार गेलेली असायची. कपाळाला काच गार लागायची, इंजिनाची थरथर दातांपर्यंत पोचायची, आणि त्या तेवढ्या वेळात मी ना कुणाची कर्मचारी असायचे, ना कुणाची मुलगी, ना बायको. आता लॅपटॉप मिटला की मी दोन पावलांत घरात असते आणि मघाचं बोलणं अजून तोंडावर असतं. नवऱ्यानं काही साधं विचारलं तरी माझा आवाज मीटिंगमधला येतो. रस्त्यावरची धूळ, धक्के, उशीर यांतलं काहीही मला परत नकोय. ते रिकामपण मात्र हवंय, आणि आता त्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. राखून ठेवलेल्या वेळात तसं रिकामं होता येत नाही.

घरातल्या जागेची वाटणी हा एक वेगळाच भाग आहे, आणि त्यावर मोकळेपणानं कमी बोललं जातं. दार असलेली खोली कुणाला मिळते? ज्याचं काम जास्त महत्त्वाचं त्याला, असं वरवर ठरतं. पण कुणाचं काम जास्त महत्त्वाचं हे कधीही बोलून ठरलेलं नसतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका पहिली दोन वर्षं घराच्या मधोमध, येण्याजाण्याच्या वाटेवर बसून काम करत होत्या. तिथून सगळं दिसतं: न आवरलेलं, न वाळलेलं, संपत आलेलं. पुरुषालाही ते दिसत असेल, पण बाईला ते हाक मारतं. एका मैत्रिणीची मुलगी खोलीत यायच्या आधी हातानं तोंड झाकून भुवया उंचावायची, म्हणजे ‘म्यूटवर आहेस ना?’ बोलायला लागून फार दिवस न झालेल्या पोरीनं हे स्वतःचं स्वतः शिकलं होतं. मला ते पाहून आधी कौतुक वाटलं आणि मग बराच वेळ काहीच सुचलं नाही.

पण त्या निळ्या भिंतीचा विचार करताना मला यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवत होतं ते एक वाक्य.

मी नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा आई खूप काही म्हणाली नाही. दादानं विचारलं, इथे काहीच मिळण्यासारखं नव्हतं का? मी म्हटलं, "नोकरी तिकडे आहे." संपलं. पुढची कितीतरी वर्षं हे वाक्य माझ्या कामी आलं. सणावाराला का येत नाहीस, आईचा गुडघा दुखतोय, तू इकडे यायचं काही बघत का नाहीस, त्या माणसाशी लग्न करून तिथेच राहणार का, या सगळ्याला एकच उत्तर होतं आणि ते देताना आवाज चढवावा लागत नसे. ऐकणाऱ्यालाही बरं वाटायचं. मुलगी दूर आहे, पण तिला दूर राहायचंय असं नाही, बिचारीची नोकरी तिकडे आहे. आईही शेजारीपाजारी हेच सांगायची. या वाक्यात माझी इच्छा कुठेच नव्हती, आणि तिच्यापासून मी आणि आई दोघीही सुखरूप होतो. माझ्या आधीच्या पिढीतल्या माणसांनी तर सबंध आयुष्यं या एका वाक्यावर काढली. ज्यांना एकत्र राहणं जमत नव्हतं असे बाप-लेक, सासवा-सुना, कधी नवरा-बायकोसुद्धा, नोकरीनं घातलेल्या अंतरामुळे एकमेकांशी नीट वागू शकले. ती सक्ती होती, पण तिनं किती घरं न भांडता टिकवली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मग एके दिवशी आई फोनवर म्हणाली, "आता तुला कुठूनही काम करता येतं ना?"

तिनं अगदी साधेपणानं विचारलं होतं. दादानं कधीतरी विचारलं असतं तर मी भांडले असते. आईला मी ‘हो’ म्हटलं, आणि पुढे काय म्हणायचं ते मला सुचेना. माझं वाक्य गेलं होतं. ‘नेट नीट नाही तिथे’ असं म्हणून काही दिवस निभावता आलं असतं, पण नेट नीट होतं, दादानंच बसवून घेतलं होतं. या तंत्रज्ञानाबद्दल बोलताना वेळ, पैसा, उत्पादकता असं सगळं बोललं जातं. मला वाटतं त्यानं सर्वांत खोलवर काही केलं असेल तर हे: आपण कुठे राहतो याचं उत्तर नोकरीकडून काढून घेतलं आणि आपल्या हातात दिलं. आता मी जिथे आहे तिथे मला राहायचंय म्हणून आहे, आणि जिथे नाही तिथेही, मला राहायचं नाही म्हणून नाही. हे दुसरं वाक्य आईला कसं सांगायचं?

मी तिच्याकडे राहायला गेले. काही आठवडे, लॅपटॉप घेऊन. माझ्या लहानपणच्या खोलीत, खिडकीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून बसले, कारण प्लग तिकडे होता. आईला आनंद झाला होता, तो पहिल्या दिवशी लपत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ती घरात पाय न वाजवता चालायला लागली. भांडी ठेवताना आवाज होऊ नये म्हणून ती आधी एका बोटानं ओट्याला स्पर्श करायची आणि मग भांडं अलगद टेकवायची. हेडफोनमध्ये मला काहीच ऐकू येत नव्हतं, हे मी तिला सांगितलं, पण सवय व्हायची ती झालीच. दार किलकिलं करून ती बघायची. मी बोलत असले तर मिटायची, आणि मी गप्प असले तरीही मिटायची, कारण कधी मी ऐकत असते आणि कधी विचार करत असते हे तिला पाठीवरून कळत नव्हतं. कुणी भेटायला आलं की ती हळू आवाजात सांगे, "आहे इथेच, पण कामात आहे." संध्याकाळी मी बाहेर येई तेव्हा दिवसभर साठवलेलं बोलायला ती सुरुवात करायची आणि माझे डोळे मिटत असायचे. एकदा ती म्हणाली, "तू तिकडे असतेस तेव्हा येशील म्हणून वाट बघता येते. इथे असलीस की काय करायचं ते कळत नाही." रागानं नाही म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं, आणि मलाही.

त्या दिवसांत मी एक प्रयोग वाचला होता तो पुन्हा आठवला. सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीनं 2010-11 च्या सुमाराला कॉल सेंटरमधल्या, घरून काम करायची इच्छा असलेल्या लोकांची दोन गटांत विभागणी केली. कुणी घरी बसायचं आणि कुणी कार्यालयात यायचं हे त्यांच्या जन्मतारखेवरून ठरलं, तारीख सम असली की घर. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने त्याचा अभ्यास केला. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. हे आकडे सगळीकडे सांगितले जातात. कमी सांगितलं जातं ते हे की प्रयोग संपल्यावर, तुम्हाला काय हवं ते निवडा असं म्हटल्यावर, घरी बसलेल्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी पुन्हा कार्यालयात यायचं ठरवलं. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण होतं. हीच माणसं आधी आपणहून घरी जायला तयार झालेली होती. आपल्याला काय हवं आहे ते आपल्याला आधीपासून माहीत असतं, असं आपण धरून चालतो. ते राहून बघितल्याशिवाय कळत नाही. याच कंपनीत पुढे 2021-22 मध्ये दुसरा प्रयोग झाला, आठवड्यातले दोन दिवस घरून. तेव्हा नोकरी सोडणारे एक तृतीयांशानं घटले आणि बढत्यांवर काही परिणाम दिसला नाही. दोन दिवस, तीन दिवस अशी तोडगा काढलेली मांडणी आता जगभर रुळते आहे, आणि तिनं माणसांच्या राहण्याच्या जागाही ठरवल्या आहेत.

कारण वाटलं होतं तितके लोक लांब गेलेच नाहीत. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांचा अभ्यास करणाऱ्या अर्जुन रमाणी आणि ब्लूम यांना दिसलं की शहराच्या मध्यातून माणसं निघाली ती बहुतेक त्याच शहराच्या बाहेरच्या वस्त्यांत जाऊन राहिली. मध्य पोकळ आणि कड भरलेली, म्हणून त्यांनी त्याला डोनटचं नाव दिलं. आठवड्यातून दोनदा जायचं असेल तर माणूस थोडा जास्त लांबचा प्रवास सोसतो, पण दोरी तुटत नाही. चेझारे मार्केटी या इटालियन अभ्यासकानं 1994 मध्ये मांडलं होतं की कुठल्याही काळातला माणूस दिवसाकाठी साधारण तासभर प्रवासात घालवतो आणि वाहन वेगवान झालं की वेळ वाचवण्याऐवजी घर लांब नेतो. मला हे फार खरं वाटतं. मोकळं झालेलं अंतर आपण पुन्हा भरून काढतो.

दोरी पूर्ण सोडणारेही आहेत. बार्बाडोस आणि एस्टोनिया या देशांनी 2020 मध्येच बाहेरच्या कंपनीचं काम आपल्या भूमीवरून करणाऱ्यांसाठी वेगळे परवाने सुरू केले, पुढे अनेक देश त्या वाटेनं गेले. अमेरिकेतल्या टल्सा शहरात तर एका खासगी प्रतिष्ठानानं 2018 पासूनच, येऊन राहा आणि तुमची नोकरी सोबत आणा, म्हणून 10,000 डॉलर द्यायला सुरुवात केली होती. पूर्वी गावं कारखाना यावा म्हणून धडपडायची, आता माणूस यावा म्हणून धडपडतात. हे मला आवडतं. पण मोठ्या शहराचा पगार घेऊन लहान जागी आलेला माणूस भाडं मोठ्या शहराच्या मापानं देतो, आणि तिथेच जन्मलेल्या, तिथेच राबणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी ते घर परवडत नाही. नव्यानं आलेल्याला हवा आवडते, शांतता आवडते, त्या शांततेत कोण राहत होतं हे त्याला स्क्रीनवरून दिसत नाही.

आणि ज्यांच्या कामाला जागा लागतेच, त्यांचं काय? 2020 मध्ये जोनाथन डिंगेल आणि ब्रेंट नीमन या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला होता की अमेरिकेतल्या 37 टक्के नोकऱ्या पूर्णपणे घरून होऊ शकतात. गरीब देशांत हे प्रमाण त्याहून कमी. म्हणजे समृद्ध देशातही बहुसंख्य माणसांसाठी हा सगळा लेख दुसऱ्या कुणाबद्दलचा आहे. आमच्या जुन्या इमारतीत रात्रपाळीला एक सुरक्षारक्षक असायचे. मला उशीर झाला की ते फाटकापर्यंत येऊन उभे राहायचे, मी वाहनात बसेपर्यंत. मजले रिकामे झाले तेव्हा आमच्या मजल्याची सफाई करणाऱ्या बायकाही कमी झाल्या. त्या कुठे गेल्या, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. आमच्या जाण्यायेण्यावर किती जणांचं राहणं बेतलेलं होतं, हे आम्ही जाणं बंद केल्यावरच दिसलं. त्या रक्षककाकांना ‘नोकरी तिकडे आहे’ हे वाक्य आजही म्हणावं लागतं आणि त्यांच्या तोंडी ते पूर्ण खरं आहे. मी माझं वाक्य हरवल्याबद्दल बोलते तेव्हा हे मला विसरायचं नाही.

कार्यालयाची आठवण काढताना ती गोड करायचा मोह होतो, तोही आवरायला हवा. एमआयटीतल्या थॉमस अ‍ॅलन यांनी 1970 च्या दशकातच दाखवलं होतं की दोन टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं घटतं आणि पन्नासेक मीटरनंतर जवळजवळ उरत नाही. म्हणजे एकाच छपराखालीही आपण परके असू शकतो, होतोच. पण जे जवळ बसायचे त्यांच्याकडून मी धंदा शिकले, त्यातलं बरंचसं मला कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे एक वरिष्ठ फोनवर चिडलेल्या माणसाशी बोलताना आवाज हळूहळू खाली न्यायचे. मी ते ऐकत बसायचे. आज माझ्या हाताखाली आलेल्या मुलाला प्रत्येक प्रश्न टाइप करावा लागतो. टाइप करायचा म्हणजे विचारण्यालायक आहे की नाही हे आधी तोलायचं, आणि बरेच प्रश्न त्या तोलण्यातच मरतात. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो, असं दहा भाषांच्या अभ्यासातून 2009 मध्ये निघालं होतं. कॉलवर आवाज पोचायलाच तेवढा उशीर होऊ शकतो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "तू बोल", "नाही, आधी तू." हा नवा मुलगा दर वेळी दुसऱ्याला आधी बोलू देतो, आणि त्याचं राहून जातं. आता मी रोज थोडा वेळ त्याच्याबरोबर कॉल नुसता चालू ठेवते. तो त्याचं करतो, मी माझं. मधे कधी मी कुणाशी फोनवर बोलते, ते त्याला ऐकू येतं. एवढंच करता येण्यासारखं मला सुचलं.

कामाचे तास कुठे संपतात यावर आता कायदेही आहेत. फ्रान्समध्ये 2017 पासून, पोर्तुगालमध्ये 2021 मध्ये, ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याची तरतूद आली, प्रत्येकाचं स्वरूप वेगळं. ते हवंच. त्यातला पोर्तुगालचा कायदा मालकावर जबाबदारी टाकतो, ते मला जास्त योग्य वाटतं, कारण फोन बंद ठेवायचं धाडस नोकरावर सोपवणं म्हणजे त्याला एकटं पाडणं आहे.

त्या निळ्या भिंतीच्या सहकारिणीला मी पुढे विचारलंच. कॉलवर नाही, साध्या फोनवर, दोघीही आपापल्या ठिकाणी चालत होतो. भिंतीचा फोटो का? तिनं आधी व्यवहारातलं कारण दिलं. 2020 मध्ये फेसबुकनं, स्वस्त ठिकाणी राहायला गेलात तर पगार त्या ठिकाणाप्रमाणे बदलेल असं जाहीर केलं होतं, तेव्हापासून अनेकांच्या मनात आहे तीच भीती. आमच्या वरिष्ठांना तिनं रीतसर कळवलं होतं, पण चर्चा नको होती. मग चालता चालता ती म्हणाली, "खरं सांगू? लोक का म्हणून विचारतात. लग्न झालं का, आईवडील आहेत का तिथे, स्वस्त आहे का, कुणी आजारी आहे का. यातलं काहीच नाही. मी एकदा दोन दिवस आले होते आणि मला वाटलं की इथे राहावं. एवढंच. हे सांगायला लागलं की मलाच ते कारण पुरेसं वाटेनासं होतं." मी म्हटलं, "पुरेसं आहे गं." ती म्हणाली, "तुला तुझ्या आईला असं सांगता येईल?"

मी त्या रात्री दादाला फोन केला. त्याला म्हटलं की मी तिकडे कायमची येणार नाही आणि त्याचं कारण नोकरी नाही. मला इथे राहायला आवडतं. इथली माझी माणसं, माझं दुपारचं घर, माझं एकटं चालणं मला सोडायचं नाही. आणि लॅपटॉप घेऊन आईकडे राहणं हे तिच्याजवळ राहणं नाही, तेही मला कळलंय. मी दर काही महिन्यांनी रजा घेऊन येईन, पूर्ण रजा, आणि त्या दिवसांत तू सुट्टीवर जा. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "मला वाटायचं तुला यायचंय पण जमत नाही. म्हणून मी थांबून होतो." त्याच्या आवाजात राग होता आणि त्याखाली सुटल्यासारखंही काही होतं. इतकी वर्षं माझ्या एका वाक्यावर त्यानं त्याचं राहणं ठरवलं होतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यालाही दुसरीकडे जावंसं वाटतं का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. तो हसला नाही की चिडला नाही. म्हणाला, त्याच्या बायकोला समुद्राजवळ राहायचंय, तिचंही काम आता घरूनच चालतं, आणि हे त्यांनी आईसमोर कधी काढलेलं नाही.

"मग आता आईला कोण सांगणार?" मी विचारलं.

"दोघं मिळून सांगू," दादा म्हणाला. "फोनवर नको. तू ये."

रजेचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी सकाळी टाकला. कारणाच्या रकान्यात ‘आईशी बोलायचं आहे’ असं लिहिलं आणि तसंच पाठवलं.